गाडीच्या किमतीचा पूर्ण कागद आधी द्या : वाहतूक संचालक आणि वाहन विक्रेत्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय वाहतूक संचालक, गोवा सरकार
आणि राज्यातील सर्व अधिकृत वाहन विक्रेते

महोदय,

नवी चारचाकी घेणाऱ्या ग्राहकाला तिची संपूर्ण किंमत बुकिंगची रक्कम भरण्याआधी, एकाच कागदावर, बाबवार लिहून आणि विक्रेत्याच्या सही-शिक्क्यासह मिळाली पाहिजे, आणि असा कागद देणे हे विक्रेत्याच्या ट्रेड सर्टिफिकेटशी, म्हणजे वाहतूक खात्याकडून मिळणाऱ्या त्याच्या व्यवसाय परवान्याशी, बांधले गेले पाहिजे, एवढ्या एका मागणीसाठी हे पत्र लिहीत आहे. मी डिचोली तालुक्यात राहतो. एका सहकारी बँकेच्या कर्ज विभागात माझी नोकरी झाली. वाहनकर्जाच्या प्रत्येक प्रकरणाला विक्रेत्याचे कोटेशन जोडलेले असते, त्यामुळे असे कागद वाचणे हे माझे रोजचेच काम होते. निवृत्तीनंतरही साखळी, मये, वाळपई या भागांतील ओळखीची माणसे गाडी ठरवण्याआधी, किंवा बहुतेक वेळा ठरवून झाल्यावर, कागद घेऊन घरी येतात. त्यांच्याकडून जे पाहत आलो, ते आपल्यापुढे मांडणे मला आवश्यक वाटते.

गोव्यात गाडी ही आता हौसेची वस्तू राहिलेली नाही. राष्ट्रीय कौटुंबिक आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत राज्यातील सुमारे ४५ टक्के कुटुंबांकडे चारचाकी असल्याचे आढळले आणि देशातील कोणत्याही राज्यापेक्षा हे प्रमाण जास्त होते. यामागे केवळ सुबत्ता आहे असे मानणे बरोबर नाही. सत्तरीतील एखाद्या वाड्यावरून रात्री आजारी माणसाला बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात न्यायचे असेल, तर बसची वाट पाहून भागत नाही. म्हणूनच भविष्य निर्वाह निधीतून उचल करून, सोने गहाण ठेवून, सात वर्षांचे हप्ते अंगावर घेऊन माणसे गाडी घेतात. घराखालोखाल आयुष्यातील ही सर्वांत मोठी खरेदी, आणि तिचा हिशेब मात्र किराणा दुकानाच्या बिलाइतकाही स्पष्ट नसतो.

अलीकडे शेजारच्या घरातील मुलाने आणलेले एक कोटेशन उदाहरणादाखल घेतो. ज्या शोरूमचे ते होते तिचे नाव लिहीत नाही, कारण याच धाटणीचे कागद मी इतर ठिकाणांहून आलेलेही पाहिले आहेत. वर एक्स-शोरूम, म्हणजे नोंदणी व विमा सोडून गाडीची किंमत, तिच्याखाली 'आरटीओ', मग 'इन्शुरन्स', 'एसेन्शियल किट', 'एक्स्टेंडेड वॉरंटी', आणि शेवटी 'हँडलिंग व इतर' या नावाखाली ७,५०० रुपये. सर्वांत खाली ऑन-रोड, म्हणजे सगळे धरून होणाऱ्या किमतीचा आकडा, त्याभोवती पेनने काढलेले वर्तुळ आणि बाजूला हाताने लिहिलेली सवलत. कागदावर तारीख होती, सही नव्हती. तळाच्या बारीक अक्षरांत, डिलिव्हरीच्या दिवशी जी किंमत असेल तीच लागू राहील, असे छापलेले होते. यातील कोणती रक्कम सरकारकडे जाते, कोणती विमा कंपनीकडे, कोणती विक्रेत्याकडे राहते आणि कोणती नाकारता येते, हे त्या कागदावरून कळायला मार्ग नव्हता. तो मुलगा शिकलेला आहे, एका औषध कंपनीत कामाला आहे. त्यालाही ते कळले नाही आणि विचारायचा संकोच वाटला.

प्रथम 'आरटीओ' या बाबीविषयी. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनुसार, विक्रेता ज्या राज्यातला आहे त्याच राज्यात नोंदायच्या नव्या वाहनाचा नोंदणी अर्ज विक्रेत्यानेच करायचा असतो, आणि अधिकृत विक्रेत्याने विकलेले नवे वाहन नोंदणी अधिकाऱ्यापुढे तपासणीसाठी उभे करावे लागत नाही. हा बदल चांगला झाला. पूर्वी म्हापशाच्या किंवा फोंड्याच्या कार्यालयात ग्राहकाला जे हेलपाटे घालावे लागत, ते थांबले. पण याचा दुसरा अर्थ असा की नोंदणीपुरता विक्रेता आता आपल्या खात्याच्या खिडकीतच बसलेला आहे. सरकारच्या नावाने ग्राहकाकडून पैसे घेणारा तोच आहे, आणि सरकारच्या नावाने घेतलेल्या पैशाची पावती मागणे हा नागरिकाचा साधा हक्क आहे. ही जबाबदारी कायद्यानेही हलकी मानलेली नाही. नोंदणीसाठी अर्ज न करणाऱ्या विक्रेत्याला वार्षिक कराच्या पंधरा पट किंवा आजीवन कराइतका, यांपैकी जो जास्त असेल तो दंड, कलम १९२ ख मध्ये सांगितलेला आहे.

प्रत्यक्षात सरकारजमा होणारी रक्कम मोजकी आणि ठरलेली असते. गोव्यात रस्ता कर गाडीच्या किमतीच्या टप्प्यानुसार टक्केवारीने घेतला जातो. तो भरल्याची पावती सरकारच्या 'वाहन' पोर्टलवरून रुपयापर्यंत नेमकी निघते. खासगी हलक्या वाहनाची नोंदणी फी केंद्रीय नियमांप्रमाणे ६०० रुपये आहे, कर्ज असल्यास गाडीवर बँकेचा बोजा नोंदवण्याची फी १,५०० रुपये आहे, आणि स्मार्ट कार्डाचे थोडे पैसे होतात. शेजारच्या मुलाच्या बाबतीत पोर्टलवरील पावत्यांची बेरीज आणि कोटेशनमधील 'आरटीओ'चा आकडा यांत ४,२०० रुपयांची तफावत निघाली. विचारल्यावर हा 'सर्व्हिस'चा खर्च असल्याचे तोंडी सांगण्यात आले. विक्रेत्याने आपल्या कामाचा मोबदला घेऊ नये असे माझे म्हणणे नाही. तो घ्यावा, पण स्वतःच्या नावाने, वेगळ्या ओळीत, जीएसटी लावून घ्यावा. सरकारी कराच्या नावाखाली तो मिसळला गेला की ग्राहक तो निमूटपणे भरतो, कारण सरकारशी घासाघीस करता येत नाही हे त्याला ठाऊक असते.

हँडलिंग, लॉजिस्टिक, डेपो अशा नावांनी घेतल्या जाणाऱ्या रकमेबद्दल याहून कडक बोलावेसे वाटते. गाडी कारखान्यातून शोरूमपर्यंत आणणे, धुऊन-पुसून, तपासून ग्राहकाच्या हाती देणे हा विक्रीचाच भाग आहे आणि उत्पादक त्यासाठी विक्रेत्याला मार्जिन देतो. शिवाय जीएसटी कायद्याच्या कलम १५ प्रमाणे वस्तू ताब्यात देईपर्यंत विक्रेत्याने त्या संदर्भात जो जो आनुषंगिक खर्च ग्राहकाकडून वसूल केला, तो विक्रीच्या मूल्यातच धरायचा असतो. म्हणजे अशी रक्कम घ्यायचीच झाली, तर ती टॅक्स इनव्हॉइसमध्ये दिसली पाहिजे. वेगळ्या साध्या पावतीवर, किंवा पावतीशिवाय, ती घेता येत नाही. मी पाहिलेल्या प्रकरणांत ज्यांनी 'हे इनव्हॉइसमध्ये दाखवा' असा आग्रह धरला, त्यांची ही रक्कम बहुतेक वेळा माफ झाली. जे गप्प राहिले त्यांनी ती भरली. एकाच गाडीसाठी दोन ग्राहकांनी वेगळी किंमत मोजावी आणि ती त्यांच्या धीटपणावर ठरावी, हे मला अन्यायाचे वाटते.

नंबरप्लेट आणि फास्टॅग यांबाबत फार लिहीत नाही. उच्च सुरक्षा नंबरप्लेट १ एप्रिल २०१९ पासून नव्या वाहनासोबत उत्पादकाने विक्रेत्यामार्फत द्यायची आहे आणि नव्या चारचाकीला फास्टॅग डिसेंबर २०१७ पासूनच लावून मिळतो. दहा लाखांवरील गाडीवर विक्रेता जो एक टक्का टीसीएस घेतो, तो ग्राहकाचाच आगाऊ भरलेला आयकर असतो आणि विवरणपत्र भरल्यावर वळता करून घेता येतो. ही गोष्ट शोरूममध्ये सहसा कोणी सांगत नाही आणि पॅनशी जोडलेला तो पैसा अनेकांचा तसाच पडून राहतो.

विम्याच्या बाबीवर मात्र थांबावे लागेल, कारण सर्वांत मोठा फरक तिथे पडतो. नव्या खासगी कारला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचे नुकसान झाल्यास भरपाई देणारा विमा, सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार १ सप्टेंबर २०१८ पासून बंधनकारक आहे. त्याचा दर सरकार ठरवते आणि तो सगळ्या कंपन्यांना सारखाच असतो. २०२२ साली अधिसूचित झालेल्या दरांत १,००० सीसीपर्यंतच्या कारला तीन वर्षांसाठी ६,५२१ रुपये, १,५०० सीसीपर्यंत १०,६४० रुपये आणि त्याहून मोठ्या इंजिनाला २४,५९६ रुपये, अधिक जीएसटी, असा हा हिशेब आहे. हा भाग वजा केल्यावर जे उरते, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा आणि झिरो डेप (घसारा न कापता भरपाई), इंजिन प्रोटेक्शन, रिटर्न टू इनव्हॉइस (गाडी पूर्ण गेल्यास बिलाइतकी भरपाई) यांसारखी जोड संरक्षणे, तिथे दरांत तफावत असते आणि तिथेच ग्राहकाला निवड असायला हवी. थर्ड पार्टी सोडल्यास तीन वर्षांचे संरक्षण एकदम घेण्याची सक्ती नाही. मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमा ज्याच्याकडे आधीपासून आहे, त्याने तो पुन्हा घेण्याची गरज नाही. आणि जुनी गाडी विकून नवी घेणाऱ्याने क्लेम केलेला नसेल, तर त्याचा नो क्लेम बोनस, म्हणजे विम्याच्या हप्त्यातील सवलत, जी ५० टक्क्यांपर्यंत असू शकते, तो गाडीबरोबर जात नाही, मालकाकडेच राहतो आणि नव्या गाडीच्या विम्यात वळता होतो. एक्स्चेंजमध्ये जुनी गाडी देणाऱ्या किती जणांना हे सांगितले जाते, हे विक्रेत्यांनी आपल्याच काउंटरवर तपासून पाहावे.

विमा कोणाकडून घ्यावा हे ग्राहकाने ठरवायचे आहे. विमा नियामकाच्या मार्गदर्शक सूचना विक्रेत्याला विमा विकण्याची मुभा देतात, सक्ती करण्याची नाही. तरीही 'बाहेरून विमा घेतलात तर आमच्या वर्कशॉपमध्ये कॅशलेस मिळणार नाही' आणि 'मग सवलत काढून घ्यावी लागेल' ही दोन वाक्ये मी इतक्या जणांकडून ऐकली आहेत की ती कोणा एका सेल्समनची वाक्ये नव्हेत, याविषयी माझी खात्री झाली आहे. कॅशलेसची सोय, म्हणजे दुरुस्तीचे बिल विमा कंपनीने थेट वर्कशॉपला देणे, ही विमा कंपनी आणि वर्कशॉप यांच्यातील करारावर अवलंबून असते. पॉलिसी कोणत्या काउंटरवर घेतली यावर नव्हे. असे असताना घाबरवून विमा विकणे ही दिशाभूल आहे.

ॲक्सेसरीजच्या बाबतीत गोव्याचा पाऊस आणि खारा वारा विक्रीच्या कामी येतात. अंडरबॉडी कोटिंग, टेफ्लॉन, मडफ्लॅप, मॅट, कव्हर असे सगळे एका किटमध्ये बांधून 'इथल्या हवेला हे लागतेच' असे सांगितले जाते. यातील काही गोष्टी खरोखर उपयोगाच्या आहेत. आमच्याकडच्या लाल चिखलाच्या रस्त्यांवर मडफ्लॅप नसलेली गाडी मीही घेणार नाही. परंतु किटमधील प्रत्येक वस्तूची किंमत वेगळी लिहिलेली असावी, हवे ते घेता यावे आणि नको ते सोडता यावे. किट न घेणाऱ्याला डिलिव्हरी उशिरा मिळेल, अशी सूचक भाषा कोणी वापरू नये.

आता कागदांविषयी. कर्ज विभागात बसलेल्या माणसाला ज्याची सर्वांत जास्त काळजी वाटते, ती गोष्ट म्हणजे कोऱ्या फॉर्मवरच्या सह्या. बुकिंगच्या किंवा कर्जाच्या दिवशी कागदांचा गठ्ठा पुढे येतो, सही करायच्या जागी पेन्सिलने बारीक फुल्या मारलेल्या असतात, आणि पाने उलटणारा हात ग्राहकाचा नसतो. त्या गठ्ठ्यात नोंदणी अर्जाचा फॉर्म २० असतो, कधी मालकी हस्तांतरणाचे फॉर्म २९ आणि ३०, आणि रकाने रिकामे असलेला कर्जकरार. माझी विक्रेत्यांना कळकळीची विनंती आहे की रकाने भरल्याशिवाय कोणाचीही सही घेऊ नये आणि सही केलेल्या प्रत्येक कागदाची प्रत त्याच दिवशी द्यावी. जुनी गाडी एक्स्चेंजमध्ये देणाऱ्याच्या बाबतीत तर हे फारच महत्त्वाचे आहे. नोंदणीत ज्याचे नाव आहे तोच अपघाताच्या भरपाईसाठी मालक म्हणून जबाबदार धरला जातो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट केले आहे. एप्रिल २०२३ पासून जुन्या वाहनांच्या अधिकृत विक्रेत्यांसाठी वेगळे नियम लागू झाले असून, गाडी ताब्यात घेतल्याची सूचना पोर्टलवर दिल्यावर तो विक्रेताच मालक मानला जातो. ही सूचना दिल्याचा पुरावा जुन्या मालकाच्या हाती पडल्याशिवाय त्याने किल्ली देऊ नये, असे मी प्रत्येकाला सांगतो.

डिलिव्हरीच्या वेळी टॅक्स इनव्हॉइस, विक्रीचा दाखला म्हणजे फॉर्म २१, उत्पादकाचा फॉर्म २२, विमा पॉलिसी, रस्ता कराची व फीची पावती आणि नोंदणी, मग ती तात्पुरती असो वा कायमची, हे सर्व ग्राहकाच्या हातात असले पाहिजे. केंद्रीय मोटार वाहन नियमांच्या नियम ४२ प्रमाणे नोंदणीशिवाय गाडी ताब्यात देताच येत नाही. फॉर्म २१ मध्ये गाडी कोणत्या महिन्यात आणि कोणत्या वर्षी तयार झाली हे लिहिलेले असते. जानेवारी-फेब्रुवारीत गाडी घेणाऱ्याने ती ओळ आधी वाचावी, कारण गेल्या वर्षीची गाडी नव्या वर्षाच्या भावात गळ्यात पडली तर पुढे विकताना तोटा त्यालाच होतो. पण आपल्याकडे डिलिव्हरी चवथीच्या किंवा दसऱ्याच्या मुहूर्तावर घेतली जाते. घरची सगळी मंडळी आलेली, नारळ, हार, फोटो, आणि मागे पुढचा ग्राहक उभा. अशा वेळी कागद वाचणे कोणालाच जमत नाही. म्हणून सर्व कागदांच्या प्रती डिलिव्हरीच्या निदान एक दिवस आधी ग्राहकाला पाठवाव्यात. आजच्या काळात ते फोनवरूनही होते.

हे सगळे करणे शक्य आहे का, अशी शंका कोणी घेईल, म्हणून बँकांचे उदाहरण देतो. रिझर्व्ह बँकेने १ ऑक्टोबर २०२४ पासून प्रत्येक किरकोळ कर्जासाठी मुख्य तथ्य विवरण देणे बंधनकारक केले आहे. त्यात सर्व शुल्कांसह पडणारा वार्षिक खर्चाचा दर लिहावा लागतो, ते ग्राहकाला समजेल अशा भाषेत द्यावे लागते, कर्जदाराला विचार करायला मुदत द्यावी लागते, आणि त्यात न लिहिलेले शुल्क कर्जदाराच्या स्पष्ट संमतीशिवाय नंतर आकारता येत नाही. म्हणजे आज गाडीच्या कर्जाचा हिशेब एका कागदावर मिळतो आणि त्या कर्जाने घेतलेल्या गाडीचा मिळत नाही. बँकांनीही सुरुवातीला कुरकुर केली होती. आज तो कागद प्रत्येक फाइलमध्ये असतो आणि त्यामुळे कोणत्याही बँकेचा धंदा बसलेला नाही.

विक्रेत्यांची बाजू मला अगदीच ठाऊक नाही असे नव्हे. गाडीमागे सुटणारे मार्जिन बेताचे असते, स्टॉकवर व्याज चढत असते, विमा आणि ॲक्सेसरीजचे टार्गेट वरून येते आणि ते पूर्ण न करणाऱ्या सेल्समनचा इन्सेंटिव्ह कापला जातो. तो सेल्समनही आमच्याच गावातला मुलगा असतो. शिवाय सर्व काही स्वच्छ लिहून देणारे विक्रेतेही राज्यात आहेत. मात्र त्यांचे कोटेशन वरवर महाग दिसते, कारण त्यांनी सगळे आधी दाखवलेले असते, आणि ग्राहक स्वस्त वाटणाऱ्या दारात जातो. सर्वांना एकच नियम असेल तर सचोटीच्या विक्रेत्याचे नुकसान थांबेल.

महोदय, माझी मागणी अशी आहे. आपल्या खात्याने किमतीच्या कागदाचा एक नमुना ठरवावा. त्यात सरकारजमा, विमा कंपनीला, विक्रेत्याला आणि ऐच्छिक असे चार स्पष्ट भाग असावेत, सवलत वेगळी दाखवावी आणि दर किती दिवस लागू राहील व बुकिंग रद्द केल्यास किती रक्कम परत मिळेल हे लिहिलेले असावे. तो मराठीत आणि कोकणीतही असावा. १९८७ च्या राजभाषा कायद्याने या दोन्ही भाषांना जे स्थान दिले आहे, ते गावातल्या माणसाला पैसे मोजताना उपयोगी पडले पाहिजे. या कागदाची सही केलेली प्रत नोंदणी अर्जासोबत जोडण्याची अट घालावी. विक्रेत्याचे ट्रेड सर्टिफिकेट आपलेच खाते देते आणि डिलिव्हरीचे नियम मोडल्यास ते निलंबित करण्याचा अधिकारही नोंदणी अधिकाऱ्याला आहे, त्यामुळे या सूचनेमागे वजन राहील. रस्ता कराचे सध्याचे टप्पे आणि सर्व फी प्रत्येक शोरूममध्ये, ग्राहक बसतो त्या टेबलासमोर, ठळक अक्षरांत लावण्यास सांगावे.

ग्राहक संरक्षण कायदा आहे, १९१५ ही हेल्पलाइन आहे, पर्वरीला आणि मडगावला जिल्हा आयोग आहेत, हे मी जाणतो. फसवणूक झालेल्याने तिथे जावे असे मीही सांगतो. पण पाच-सात हजारांसाठी कामावर रजा टाकून तारखांना जाणारा माणूस विरळा, आणि जास्तीची रक्कम नेमकी तेवढीच असते. तक्रार करण्याची पाळीच येऊ नये, अशी व्यवस्था आपल्या एका परिपत्रकाने होऊ शकते.

चवथीच्या बुकिंगा दोन-तीन महिने आधी सुरू होतात. परिपत्रक त्यापूर्वी निघाले, तर यंदाच्या ग्राहकांना त्याचा उपयोग होईल. नमुन्याचा कच्चा मसुदा मी तयार केला असून तो आपल्या कार्यालयात समक्ष आणून देण्याची माझी तयारी आहे. विक्रेत्यांपैकी कोणाला तो पाहून दुरुस्त्या सुचवायच्या असतील, तर त्यांचे स्वागत आहे. त्यासाठी खात्याने विक्रेते, बँका आणि ग्राहक यांची एकत्र बैठक बोलवावी आणि तिची तारीख जाहीर करावी, ही विनंती.

आपला नम्र,
डिचोली तालुक्यातील एक निवृत्त बँक कर्मचारी